सिलासनं बदललेला शास्त्रपाठ

शास्त्रपाठ बदललाय, हे नथानेलला पहिल्याच ओळीला कळलं.

चर्चच्या दारातल्या फळ्यावर वेगळा उतारा लिहिला होता. धीराचा, आशेचा. जत तालुक्यात त्या उन्हाळ्यात दुसरं काही ऐकायची कुणाची ताकद उरली नव्हती. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला आणि आता मंडळीचा पंच असलेला नथानेल बनसोडे नेहमीसारखा पहिल्या बाकावर ताठ बसला होता. समोर त्याचा सख्खा धाकटा भाऊ सिलास पाळकाच्या पांढऱ्या झग्यात उभा होता, आणि वाचत होता ते वैऱ्याशी कसं वागावं याबद्दल. वैरी उपाशी असला तर काय करावं. तहानलेला असला तर काय करावं.

मागच्या बाकांवरची कुजबुज एकदम थांबली. मंडळीत प्रत्येकाला ठाऊक होतं की अख्ख्या वस्तीत आता एकाच बोअरला पाणी आहे, बनसोड्यांच्या खालच्या रानातल्या. आणि बनसोड्यांचा वैरी कोण, हेही ठाऊक होतं.

गुंडा मेंढके. दोन वर्षांपूर्वी बाजारातून मेंढरं घेऊन परतताना त्याच्या पिकअपनं नथानेलच्या मुलाला, जयवंतला, उडवलं. गाडीचा एक दिवा बंद होता. गुंडा थांबला नाही. जयवंत सापडला तो पहाटे, दूध घालायला निघालेल्या माणसाला, रस्त्याच्या कडेला, थंड झालेला. केस अजून कोर्टात चालू होती आणि गुंडा जामिनावर सुटून परत आपल्या टेकाडाखालच्या वस्तीवर राहत होता. तिथून बनसोड्यांचं रान उघड्या डोळ्यांनी दिसायचं.

"आम्हा पाळकांना एक सवय लागते," सिलास बोलत होता. त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "लोक दमून येतात. मग आम्ही धीर देतो. धीर दिला की लोक बरं म्हणतात, आम्हालाही बरं वाटतं. पण मला ह्या जागेवर उभं केलं ते प्रभूच्या आज्ञा नुसत्या वाचून दाखवायला नव्हे. त्या तुम्हाला पाळायला शिकवायला. ज्या सोप्या त्या शिकवल्या आणि ज्या जड त्या गिळल्या, तर उद्या तुमच्याबद्दल मला विचारलं जाईल, तेव्हा मी काय सांगू?"

त्यानं गुंडाचं नाव घेतलं नाही. भावाकडे पाहिलंही नाही. पण वैऱ्याला पाणी देणं ही विनंती नाही, आज्ञा आहे, आणि मनाला पटेपर्यंत थांबायची मुभा तिच्यात नाही, हे तो दोनदा बोलला.

नथानेल उठून गेला नाही. उठून जाणाऱ्यातला तो नव्हता. शेवटची प्रार्थना होईपर्यंत तो तसाच बसून राहिला, मांडीवर दोन्ही पंजे पालथे ठेवून. फक्त शेवटच्या गीताला सगळे उभे राहिले तेव्हा त्याचे ओठ हलले नाहीत.

बाहेर पत्र्याच्या सावलीत लोक एरवी गप्पा मारत रेंगाळायचे. आज सगळे भराभर चपला घालत होते. नथानेल सिलाससमोर येऊन उभा राहिला.

"कुणाला व्हता आजचा संदेश?"

"सगळ्यांना, दादा."

"सगळ्यांच्या बोअरला पाणी हाय व्हय?"

सिलास झग्याची बाही सारखी करू लागला.

"जेवायला ये," नथानेल म्हणाला. "जे काय बोलायचं ते घरात बोलू. हितं मंडळीत माझ्याच्यानं तोंड उघडायचं न्हाई."

*

बायको एस्तेर वारल्यापासून सिलास भावाच्याच घरी जेवायचा. वहिनीला, लीलाबाईला, त्याचं खाणं पाठ होतं. बाजरीची भाकरी त्याला पातळ लागते, वांग्यात शेंगदाण्याचं कूट जास्त लागतं. आज तिनं भाकऱ्या थापल्या त्या कशा थापल्या तिला कळलं नाही. एक तव्यावरच करपली.

तिनं चार ताटं मांडली. उत्कर्षा, तिची मुलगी, सांगलीत एका दवाखान्यात नर्स होती आणि महिन्यातून एखाद्या रविवारी यायची. आज नेमकी आली होती. तांब्याभांडी ठेवताना लीलाबाईनं तिघांपुढं भांडी ठेवली आणि सिलासपुढं ठेवायचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आई," उत्कर्षा हळू म्हणाली.

"थांब गं. भावजींना इचारू दे." तिचा आवाज थरथरत नव्हता, आणि त्याचंच उत्कर्षाला भय वाटलं. "भावजी, तुमच्या पुतण्याला तुमी खांद्यावर घिऊन हिंडवलंय. त्याच्या मातीवर तुमीच प्रार्थना केली. आन आज त्याला मारून पळालेल्याला पाणी पाजा म्हणून तुमी मला चारचौघांत सांगताय?"

"व्हय, वहिनी."

"व्हय म्हणताय?"

"काल सांजचं गुंडा माझ्याकडं आला व्हता. चर्चच्या भिंतीपाशी उभा राहिला, आत न्हाई आला. टँकरचं पाणी माणसांनाच पुरंना, मेंढरं मरायला लागल्यात म्हणाला. हवालदारांना इचारा एकदा, म्हणाला."

"आन तू काय सांगितलंस?" नथानेलनं विचारलं.

"बघतो म्हणालो."

"मग बघायचं व्हतंस की. घरी यायचं व्हतंस."

"पप्पांचं बरोबर आहे," उत्कर्षा म्हणाली. सकाळी चर्चमध्ये ती काकांच्या बाजूची होती. बोअर दोघा भावांच्या वाटणीचं, काकांनी आजवर एक घागर मागितली नाही, त्यांना बोलायचा हक्क आहे असं तिला वाटलं होतं. घरी येईपर्यंत ते वाटणं टिकलं नव्हतं. येताना पूर्ण रस्ता आई पदराचं टोक दातात धरून चालली होती. "काका, आधी इथं बोलायचं होतं. आईला असं सगळ्यांसमोर बसवून ऐकवायचं कशाला? तिला उठून जाताही आलं नाही."

सिलासनं भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला.

"घरात बोललो असतो तर दादा म्हणाला असता, गप जेव. आन मी जेवलो असतो. दोन वर्षं तेच केलंय की, उत्कर्षा. ह्या घरात मी धाकटा हाय. पाळक फक्त तिथं हाय, त्या वेदीपाशी."

"म्हणजे घाबरलात."

"व्हय."

एवढं सरळ उत्तर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. नथानेल जेवत होता, किंवा जेवल्यासारखं करत होता. तो थांबला.

"आन आजच का? दोन वर्षं गप बसलास, आणखी दोन बसला असतास."

"परवा बांधाचं भांडण मिटवायला गेलो व्हतो, दादा. दोन घरं, दोन्ही आपल्या मंडळीतली, सख्ख्या चुलत भावांची. त्यांना म्हणालो, एकमेकांना क्षमा करा, मग प्रभुभोजनाला या. तर थोरला म्हणाला, पाळकसाहेब, हवालदारांना सांगितलंय का तुमी असं? का आमालाच?" सिलासनं पहिल्यांदा भावाच्या डोळ्याला डोळा दिला. "त्यांच्या दारात नुसता उभा राहिलो पोरासारखा. सगळ्यांना शिकवतो आन तुला वगळतो, तर मी पाळक न्हाई. तुझं मीठ खाणारा तुझा भाऊ हाय नुसता."

"मग तुझी पाळकी राखायला माझं दुःख पाहिजे तुला."

"न्हाई."

"मग?"

"तू ह्या मंडळीचा पंच हायस. लोक माझ्याकडं बघत न्हाईत, तुझ्याकडं बघत्यात. आन त्याहून..." सिलासनं ताट थोडं पुढं सारलं. "दादा, तू दोन वर्षांत प्रार्थनेला तोंड उघडलं न्हाईस. घरात बी न्हाई, चर्चात बी न्हाई. मी तुझा पाळक हाय. मला दिसतंय ते, आन मी वांगं वाढून घेतोय."

लीलाबाईच्या हातातलं भांडं अजून हातातच होतं. हे खरं होतं. रात्री ती डोळे मिटायची तेव्हा नथानेल आढ्याकडे बघत पडलेला असायचा, आणि पूर्वी ज्या वेळेला तो पुटपुटत प्रार्थना करायचा त्या वेळेला आता काहीच आवाज यायचा नाही. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. भावजींना कसं कळलं?

नथानेलनं हात धुतला. ताटात अर्धी भाकरी तशीच होती. उठून त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली बोअरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीची किल्ली काढली आणि सिलासच्या ताटाशेजारी टाकली.

"पलटणीत आमचा साहेब हुकूम द्यायचा तवा पहिलं पाऊल त्याचं असायचं," तो म्हणाला. "मागं थांबून हुकूम देणाऱ्याचं आमी कधी ऐकलं न्हाई. तुला आज्ञा पाळायला शिकवायचीय न्हवं? जा मग. तू त्याच्या वस्तीवर जा. तू त्याला घेऊन ये. तू मोटार चालू कर. मी आडवा येणार न्हाई. पण माझ्या हातानं व्हायचं न्हाई ते."

"दादा, वस्तीवर मी..."

"गेला न्हाईस कधी. ठाऊक हाय मला. त्याला भिंतीपाशी उभं करून परत पाठवलंस."

सिलासनं किल्ली उचलली. तो दाराशी गेला तेव्हा लीलाबाई मागून म्हणाली, "भावजी."

तो थांबला.

"पाणी द्यायचं असंल तर द्या. आज्ञा हाय म्हणताय तर आसंल. पण ह्यानं मला बरं वाटंल असं मला सांगू नका. आन लीलाबाईनं माफ केलं म्हणून पुढल्या रविवारी मला साक्ष द्यायला उभी करू नका."

"न्हाई करत, वहिनी."

"शपथ?"

"शब्द देतो."

तिनं मग ते भांडं भरून त्याच्या हातात दिलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

*

टेकाडाखालच्या वस्तीवर जायला पाऊलवाट होती. सिलास झगा काढून साध्या सदऱ्यात निघाला होता, तरी घामानं भिजला. वाटेत बाभळीखाली एक मेंढी पडली होती. पोट फुगलेलं, डोळे उघडे. तो तिच्याकडे न बघता पुढं गेला, आणि मग मागं वळून बघितलंच.

गुंडा खोपटाच्या सावलीत बसला होता. त्याची बायको सुंदरी एका कोकराच्या तोंडाला ओलं फडकं लावत होती. पाळकाला बघून गुंडा उठला, पटका सारखा केला.

"पाणी देतो म्हणले का हवालदार?" त्यानं विचारलं.

"मेंढरं घेऊन चल. खालच्या रानात हौद हाय, तिथं पाजायची."

गुंडा जागीच राहिला.

"मी?"

"मग कोण?"

"हिला पाठवतो. पोराला पाठवतो मेव्हण्याच्या. मी न्हाई येत, पाळकसाहेब." तो मागं सरकला. "मला वाटलं तुमी पाईप टाकून द्याल हिकडं. न्हाईतर अंधारात आमी घेऊन जाऊ. त्या माणसाफुडं मी कसा उभा राहू? कोर्टात पाठ करून उभा राहतो मी."

सिलासला एकदम दिसलं की त्यालाही मनातून हेच हवं होतं. पाईप. अंधार. कुणी कुणाला न बघता आज्ञा पाळली जाणं. सकाळी वेदीपाशी बोलताना त्याच्या डोक्यात पाणी होतं, हौद होता, मेंढरं होती. गुंडाचं तोंड आणि दादाचं तोंड एका जागी समोरासमोर, हे त्यानं डोक्यात येऊ दिलं नव्हतं.

"मला बी भ्या वाटतंय, गुंडा," तो म्हणाला. "मी बी येतोय न्हवं. चल."

"मारलं तर?"

"मग मधी मी हाय."

सुंदरीनं कोकरू खाली ठेवलं. "आवं, जावा की," ती नवऱ्याला म्हणाली. "जनावरांनी काय केलंय?"

गुंडानं काठी उचलली.

*

नथानेल लिंबाखाली बसला होता. बोअरपासून थोडा लांब, पण स्टार्टर दिसेल एवढ्या अंतरावर. आपण इथं का आलो हे त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं. घरात बसवेना, एवढंच.

धूळ आधी दिसली, मग कळप. मेंढरांना पाण्याचा वास आला असावा. ती अशी पळत सुटली की सुंदरीला आवरेनात. हौद कोरडा होता. ती त्याच्या कठड्यावर तोंडं आपटू लागली, एकमेकींवर चढू लागली, आणि ओरडणं असं सुरू झालं की नथानेलला दात आवळावे लागले.

सिलासनं पेटी उघडली. हिरवं बटण दाबलं. मोटार गुरगुरली आणि बंद पडली. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. शास्त्र शिकायला गेलेलं पोर, नथानेलच्या मनात आलं, कधी रानात आलंच न्हाई. व्होल्टेज कमी असलं की बटण दाबून धरायला लागतं, हे कोण सांगणार त्याला? सिलास तिसऱ्यांदा दाबत होता, आणि एक म्हातारी मेंढी कठड्यापाशी पाय मुडपून खाली बसली.

नथानेल उठला.

त्याला येताना बघून गुंडा हौदापासून मागं झाला, पार शेताच्या बांधापर्यंत. नथानेलनं त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यानं सिलासला खांद्यानं बाजूला सारलं, बटण दाबलं, दाबून धरलं. मोटारीचा आवाज चढत गेला, स्थिर झाला. पाईपाला उचकी लागल्यासारखं झालं आणि पाणी आलं. आधी गढूळ, मग स्वच्छ.

मेंढरांचं ओरडणं तुटलं. फक्त पिण्याचा आवाज राहिला.

"माझ्या हातानं व्हायचं न्हाई म्हणालो व्हतो," नथानेल पुटपुटला. सिलासला, का कुणाला, कळलं नाही.

घराकडून लीलाबाई येताना दिसली. मागं उत्कर्षा होती, आईचा दंड धरायला बघत होती आणि ती धरू देत नव्हती. लीलाबाई हौदापाशी थांबली नाही, नवऱ्यापाशी थांबली नाही. सरळ बांधापर्यंत गेली. सिलास घाईनं मधे व्हायला निघाला, तर तिनं हातानंच त्याला अडवलं.

गुंडानं पटका काढला आणि वाकला.

"पाया पडू नगंस," ती म्हणाली. "मला एक सांग. वकिलानं काय बोलायचं ते शिकवलं असंल तुला, त्ये नगं. तू गाडीतनं उतरला व्हतास का?"

"लीला," नथानेल ओरडला.

"उतरला व्हतास का?"

"व्हय."

"जिता व्हता त्यो?"

"व्हय."

"बोलला काय?"

गुंडा सुंदरीकडं बघायला लागला, मग जमिनीकडं. मोटार चालू होती. उत्कर्षानं आईला मागून धरलं होतं आता, आणि या वेळी आईनं तिला झटकलं नाही.

"पाणी मागितलं," गुंडा म्हणाला. "दोनदा. गाडीत बाटली व्हती माझ्या. आणायला म्हणून वळलो. मागनं गाडीचा उजेड आला, तसा भ्यालो. आन बसून निघून गेलो."

सिलासला त्या घडीला एकही वचन आठवलं नाही. सकाळी जे इतकं स्पष्ट, इतकं उघड होतं, ते कुठं गेलं त्याला कळेना. आपण कुणाला कशाच्या समोर आणून उभं केलं हे त्याला आत्ता कळत होतं. आणि कळूनही, सांगितलं ते चूक होतं असं त्याला म्हणता येत नव्हतं.

त्यानं मागं पाहिलं. नथानेलचा हात स्टार्टरच्या पेटीत होता. बोट मोटार बंद करायच्या लाल बटणावर.

कुणी पुढं झालं नाही. सिलासनं आता आज्ञा सांगायची ती कुणाला आणि कोणत्या तोंडानं? भावाच्या कपाळावरची शीर उडत होती. कळपाच्या पुढच्या मेंढ्या पिऊन बाजूला होत होत्या, मागच्या अजून एकमेकींच्या पाठीवर माना टाकून वाट बघत होत्या.

लीलाबाईनं उत्कर्षाचे हात सोडवले. मग ती वळली. तिचं तोंड असं झालं होतं की उत्कर्षानंही नजर काढून घेतली.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली. "मागची राहिल्यात अजून."

नथानेलनं बोट उचललं. ते कुठं ठेवावं हे त्याला सुचेना. मग त्यानं पेटीचं झाकण लावलं, आणि झाकणावर कपाळ टेकवून तो तसाच उभा राहिला. मोटार चालू होती. सिलास जवळ गेला तेव्हा त्याला ऐकू आलं, भाऊ काहीतरी पुटपुटत होता, अडखळत, बऱ्याच दिवसांनी बोलायला लागलेल्या माणसासारखं. शब्द लागत नव्हते. पण तो सिलासशी बोलत नव्हता.